आधी चाखा, मग भरवा

रविवार, २६ जानेवारी

डायरी लिहायला सुरुवात. ही कंपनीत फुकट आलेली आहे, वर एका बेअरिंगवाल्याचं नाव छापलंय. वाचणारं कोणी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

परिस्थिती अशी. वेदिका, वय तेरा महिने, माझी एकुलती एक मुलगी. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. डिसेंबरात आईने लाडाने शेंगदाण्याच्या लाडवाचा चिमूटभर चुरा तिच्या जिभेवर ठेवला आणि दहा मिनिटांत पोरीचं तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या. तेव्हापासून घरात दाणे बंद, कूट बंद, चटणी बंद, तेलसुद्धा बदललं. कूट बंद म्हणजे काय असतं ते ज्याने केलं त्यालाच कळेल. आई अजून गॅससमोर कढईत भाजी परतताना मध्येच थांबते आणि डब्याकडे हात नेते. डबा नसतो. मग तशीच उभी राहते.

आता मुख्य प्रश्न. बायकोची, निकिताची, रजा संपतेय. सतरा फेब्रुवारीला ती शाळेवर रुजू होणार. शाळा कळवण तालुक्यात, म्हणजे ती सटाण्याला माहेरी राहून ये-जा करणार आणि शनिवारी नाशिकला येणार. मग वेदिका कुठे राहणार? निकिता म्हणते, सटाण्याला, तिच्या आईकडे. मी म्हणतो, इथे, माझ्याकडे. डॉक्टर इथे आहेत, आई आहे, आणि मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. अंबडच्या आमच्या प्लांटमधून वर्षाला चाळीस हजार व्हॉल्व्ह माझ्या सहीने बाहेर पडतात. एक मुलगी सांभाळता येणार नाही?

शिवाय संध्याकाळी गेट वाजलं की ती भिंत धरून दारापर्यंत येते. हे कोणाला सांगायचं नाही, पण दिवसभर मी त्याचीच वाट बघत असतो.

मंगळवार, २८ जानेवारी

तोडगा निघाला. आठ ते दहा फेब्रुवारी आपण सगळे वणीच्या गडावर चाललोय, वेदिकाचं जावळ काढायला. निकिता म्हणाली, ‘तीन दिवस तिचं खाणंपिणं सगळं तुमच्याकडे. बाहेरचं खाणं असणार, हॉटेल असणार, पाहुणे असणार. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. जमलं तर ती नाशिकला राहील.’

मी शांतपणे हो म्हणालो. मनात हॉलमधला सोफा कुठे सरकवायचा आणि पाळणा कुठे टांगायचा ते ठरवून टाकलं होतं.

गुरुवार, ३० जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. सिरप लिहून दिलं. श्वासाला त्रास, उलटी, ओठ सुजणे असं काही दिसलं तर थांबायचं नाही, थेट दवाखाना, हे सांगितलं. लिहून घेतलं. नंतर हात धुणे, तोंड धुणे, भांडी धुणे यावर बरंच बोलले. ते सगळ्याच पेशंटना सांगत असणार. ते लिहून घेतलं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, तयार. दोन पानी. गाभा एका ओळीचा आहे: आधी चाखा, मग भरवा. कंपनीत आम्ही याला फर्स्ट पीस इन्स्पेक्शन म्हणतो. पहिला पीस तपासल्याशिवाय लाइन सुरूच होत नाही. त्याप्रमाणे वेदिकासमोर येणारा प्रत्येक पदार्थ आधी मी चाखणार. माझी जीभ दाण्याच्या बाबतीत फार तयार आहे. कूट एका भांड्यात पडला तर मी शेजारच्या बिल्डिंगमधून सांगेन.

दुसरा नियम, चमचा एकच. पिवळा, सिलिकॉनचा, मुठीत मावणारा. तोच तपासणीला, तोच भरवायला. दुसऱ्या कोणाचा चमचा तिच्या तोंडाजवळ जाणार नाही. यामुळे ट्रेसेबिलिटी राहते. काही झालंच तर कुठून काय आलं ते लगेच सापडतं.

कार्डं छापून लॅमिनेट केली, वीस. ‘आमच्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. कृपया सहकार्य करावे.’ खाली माझं नाव आणि मोबाइल. निकिताला दाखवली. ती चांगली आहेत म्हणाली. आवाजात उत्साह कमी होता, पण ती दमलेली असते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

निश्चय: मी स्वतः शेंगदाणे खाणं आजपासून पूर्ण बंद. मुलगी खाऊ शकत नाही तर बापाने का खावेत? लिहितानाच बरं वाटलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शेखरने चार वाजता चहासोबत खारे दाणे पुढे केले. तो माझ्या शेजारच्या टेबलाला बसतो, त्याला वाईट वाटेल म्हणून घेतले. सात-आठ. कंपनीच्या आवारातले धरत नाही. नियम घरापुरता.

बुधवार, ५ फेब्रुवारी, रात्री जेवणानंतर

मोठा शोध. कॅलेंडर बघताना लक्षात आलं की आठ तारखेला एकादशी आहे. आपण निघतो तोच दिवस. याहून सुरक्षित दिवस मिळणार नाही. उपवासाच्या दिवशी हॉटेलात उपवासाची भांडी वेगळी असतात, कढई वेगळी, तेल वेगळं, झारा वेगळा. रोजच्या मसाल्याचा हात लागत नाही. म्हणजे माझ्या भाषेत झिरो क्रॉस कंटॅमिनेशन, आणि तेही आपल्या लोकांनी हजार वर्षांपूर्वी शोधून ठेवलेलं.

आईला सांगितलं, शनिवारी आपण सगळे उपवासाचंच खायचं. तिला वाटलं मी सुधारलो. डोळे भरून आले तिचे. तिचा गैरसमज दूर केला नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पॅकिंग. सिरप दोन बाटल्या. कार्डं. एसओपीची प्रिंट. पिवळा चमचा शर्टाच्या वरच्या खिशात, तिथेच राहणार. निकिताने घरून पेजेचं पीठ, पातेलं आणि छोटा स्टोव्ह घेऊया का विचारलं. मी म्हटलं, मग मुद्दाच राहिला नाही. सगळं आयुष्य ही मुलगी पातेलं घेऊन फिरणार आहे का? जगात वावरायला शिकवलं पाहिजे. ती काही बोलली नाही. ठरल्याप्रमाणे.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी १०.५०

निघालो. गाडीत मी, निकिता, आई, वेदिका. हवा गार. वेदिका टोपी काढून फेकतेय. आज माझा दिवस आहे.

दुपारी १२.४०

दिंडोरीच्या पुढे हॉटेलात थांबलो होतो. सविस्तर लिहितो, कारण पुढे उपयोगी पडेल.

आत शिरताच मालकाला कार्ड दिलं. त्याने ते वाचलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि विचारलं, ‘क्लिनिक नाशिकला कुठं हाये डॉक्टर?’ मी डॉक्टर नाही हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. त्याने तरीही गुडघ्याचं विचारून घेतलं.

मग थेट स्वयंपाकघरात गेलो. आचाऱ्याचं नाव मल्हारी. त्याला विचारलं, साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणे आहेत का. तो म्हणाला, ‘नाय सायेब. दाणा नाय टाकला. नुस्ता कूट हाये.’ भगर आहे, तिच्याबरोबर काय? दाण्याची आमटी. बटाट्याची भाजी? तिच्यात पण थोडा कूट, लय नाय, चवीपुरता. काकडीची कोशिंबीर? मल्हारी माझ्याकडे बघत राहिला. कोशिंबिरीत कूट असतो का हा प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. शेवटी म्हणाला, ‘सायेब, उपासाला कूट नाय तर माणसानं खायचं काय?’

हा मुद्दा माझ्या नियोजनातून निसटला होता हे मान्य. पण निसटला तरी सिस्टीमने पकडला! हेच महत्त्वाचं. माणूस चुकतो, सिस्टीम चुकत नाही.

खात्री म्हणून सगळे पदार्थ मागवले आणि पिवळ्या चमच्याने एकेक चाखले. खिचडी: कूट, नापास. भगर-आमटी: नापास. भाजी: कूट अगदी कमी, पण जिभेला कळला. नापास. कोशिंबीर: नापास. चारही पकडले. शंभर टक्के. शेवटी मल्हारीकडून नुसता उकडलेला बटाटा सालासकट मागून घेतला, सोलला, चमच्याने कुस्करला, चाखला. पास. वेदिकाला भरवला. तिने टाळ्या वाजवल्या.

आई मध्येच म्हणाली, ‘महेश, तो चमचा धू रे आधी.’ मी तिला समजावलं की हॉटेलच्या नळाचं पाणी कोणत्या भांड्यावरून आलंय ते आपल्याला माहीत नाही, धुण्यातच खरा धोका आहे. चमचा माझ्या स्वच्छ रुमालाने पुसला. ती बटाट्याची सालं गोळा करू लागली. तिला सायन्स पटकन कळत नाही.

निकिता समोर बसून दूध पीत होती. कपाच्या आड होती, तिला हे दिसलं नसावं. बघून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी १.३०

वेदिकाच्या हनुवटीवर आणि तोंडाभोवती लाल गांधी. चार, मग नऊ. सिरप दिलं. गाडी बाजूला घेऊन थांबलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे आहेत आणि एका मळ्यात ट्रॅक्टर फवारणी करत होता. कारण सापडलं. काचा बंद केल्या.

निकिताने एवढंच विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणालो, फक्त बटाटा, तोही तपासून. ती वेदिकाच्या हनुवटीकडे बराच वेळ बघत राहिली.

दुपारी २.४५

गांधी उतरल्या. झोपली आहे. फवारणीवर कोणाचं नियंत्रण नाही या देशात.

संध्याकाळी ६.००

गडावर पोहोचलो. भक्तनिवासात दोन खोल्या. सटाण्याची मंडळी आधीच आली आहेत: सासूबाई सुलाबाई, मेहुणा अश्विन, आणि त्यांच्या शेजारच्या कुसाबाई. सासूबाईंनी वेदिकाला घेतलं आणि आधी तिची हनुवटी बघितली. काहीतरी झालंय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. फवारणीचं सांगितलं. ‘असं?’ म्हणाल्या.

दिवसाचा आढावा: एक किरकोळ घटना, बाह्य कारणामुळे. अन्नामुळे शून्य. नाशिक जवळजवळ पक्कं.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

जावळ झालं. अश्विनच्या मांडीवर बसवली. न्हाव्याने पहिला वस्तरा लावला तसा तिने टाहो फोडला आणि माझ्याकडे हात केले. मामाच्या मांडीवरून उचलायचं नसतं म्हणून मी उभा राहिलो. दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. आता डोकं वाटीसारखं गुळगुळीत झालंय आणि ती स्वतःच हात फिरवून बघतेय.

सकाळी ११.३०

जेवणाची व्यवस्था खालच्या हॉलमध्ये आहे, पंचवीस पानं, इथल्याच केटररला सांगितलेली. सासूबाई म्हणतात की तिकडे पोरीला नेऊच नका, तिकडचा वासही नको. त्यांनी वेदिकासाठी सटाण्याहून मुगाच्या डाळीची खिचडी आणली आहे, सकाळी इथे खोलीत गरम करून डबा चार फडक्यांत गुंडाळून ठेवलाय, आणि त्या स्वतः वेदिकाला घेऊन वरच्या खोलीत दार लावून बसल्या आहेत. निकिता हॉलमध्ये पाहुण्यांना वाढायला गेली आहे.

मी विरोध केला नाही, पण लिहून ठेवतो. हे माझ्या सिस्टीमबाहेर चाललंय. घरून आणलं म्हणून ते आपोआप पास होत नाही. आमच्याकडे मालकाच्या भावाच्या कारखान्यातून आलेला माल पण तपासला जातो. शिवाय दार लावून बसणं ही काही पद्धत नाही. हॉलमध्ये नेमकं काय धोकादायक आहे याची नोंद नको का?

खाली ऑडिटला जातोय.

(इथे पान रिकामं सोडलं होतं. खालचं नंतर लिहिलं.)

कळवण, सरकारी दवाखाना, दुपारी ४.१५

वेदिका ठीक आहे. हे आधी लिहितो. वेदिका ठीक आहे. सलाइन लावलेल्या हाताला पट्टी बांधली आहे आणि ती निकिताच्या खांद्यावर झोपली आहे.

सव्वाबाराला खिचडी खाल्ली. पाच-सहा चमचे. खुशीत होती. मग ओठ सुजले, खोकला आला, सगळं उलटून पडलं, आणि मग तो आवाज. श्वास घेताना छातीतून शिटीसारखा. सिरप तोंडातून बाहेर. अश्विनने गाडी काढली. घाटात मी मागे बसून तिचं नाव घेत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. आल्या आल्या डॉक्टरीणबाईंनी मांडीत इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी ती रडली. इतकं चांगलं रडणं मी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी ६.३०

रात्रभर ठेवून घेणार आहेत. जरा डोकं ताळ्यावर आलंय, तर झालं ते क्रमाने लिहितो.

इथे आल्यावर व्हरांड्यात मी सासूबाईंना विचारलं. माझा आवाज चढला असेल. डाळ कुठली, पातेलं कोणतं, त्यात आधी काय शिजवलं होतं, कोणाचा हात लागला. त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, ‘पातेलं नवं शे, जावईबापू.’ शुक्रवारच्या बाजारातून आणलं होतं. डाळ आणि तांदूळ चार-चार पाण्यांनी धुतले होते. त्या दिवशी घरात दुसरं काही शिजवलंच नव्हतं, मोठ्यांनी केळी नि दूध घेतलं. मी म्हटलं, मग हे झालं कसं? कुठेतरी डिफेक्ट असलाच पाहिजे ना? त्यांनी पदर तोंडाला लावला. नवं पातेलं पण चुकलं असेल का, असं कुसाबाईंना विचारत होत्या. कुसाबाई माझ्याकडे बघत होत्या.

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. तरुण आहेत, तिशीच्या आत. काय खाल्लं, कधी, कोणी भरवलं, असं एकेक विचारू लागल्या. माझ्यासाठी हा हातखंडा विषय. मी खिशातून नोंदी काढल्या आणि वाचून दाखवल्या.

११.५० हॉल, भरली वांगी, चाखली, कूट भरपूर, नापास. ११.५३ मठ्ठा, चाखला, पास. ११.५५ वांग्याचा रस्सा परत, खात्रीसाठी, नापास. ११.५८ कोशिंबीर, नापास. १२.१० वरची खोली, घरची खिचडी, चाखली, पास. १२.१५ भरवली.

बाई ऐकत होत्या. म्हणाल्या, नोंदी छान ठेवता तुम्ही. मग विचारलं, ‘चमचा कोणता होता?’

मी खिशातून पिवळा चमचा काढून टेबलावर ठेवला. म्हणालो, एकच. दुसरा चमचा आम्ही तिला लागूच देत नाही.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, पद्धत त्यांना नवीन असेल.

आई पुढे झाली. म्हणाली, ‘काल पण म्हटलं होतं मी. धू म्हटलं होतं.’ डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर चमचा ठेवला आणि तो कागद माझ्याकडे सरकवला. वांग्याचा लालसर तेलकट डाग कागदावर उमटला होता, बोटाच्या पेराएवढा. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की पुसून जात नाही, साबण-पाण्यानेच जातं, आणि हिला एवढंसं पुरतं.

निकिताने मला काहीच म्हटलं नाही. ठरल्याप्रमाणे तीन दिवस ती मध्ये बोलणार नव्हती.

सोमवार, १० फेब्रुवारी, सकाळी ११.००

डिस्चार्ज. वेदिका आणि निकिता सटाण्याला चालल्या, अश्विनच्या गाडीतून. मी आणि आई नाशिकला. हे तात्पुरतं आहे. डॉक्टरांनी आठवडाभर प्रवास नको म्हटलंय, म्हणजे तसं म्हटलं असतं, विचारलं असतं तर.

गाडीची काच वर जाताना वेदिका माझ्या खिशाकडे हात करत होती. तिला चमचा हवा होता. चमचा दिसला की तिला जेवण वाटतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. चमच्याचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे, पण सिद्ध झालेला नाही. शनिवारची द्राक्षाची फवारणी शरीरात साचली असेल आणि दुसऱ्या दिवशी... नाही, गांधी तर शनिवारीच उतरल्या होत्या. असो. एसओपीत सुधारणा: चमचे दोन. एक तपासणीचा, लाल. एक भरवण्याचा, पिवळा. चूक सुधारली की सिस्टीम पूर्वीपेक्षा मजबूत होते. निकिताला फोटो पाठवला. निळी टिक आली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दोन चमच्यांवर उत्तर नाही. नेटवर्क नसेल. सटाण्याला नेटवर्क चांगलं आहे, पण घराच्या मागच्या खोलीत नसेल.

शेखरने विचारलं, ट्रिप कशी झाली. चांगली झाली म्हटलं. त्याने दाणे पुढे केले. घेतले नाहीत. हात मात्र गेला होता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सासूबाईंची माफी मागायची आहे. फोन लावला. अश्विनने उचलला. ‘दाजी, आई बाहेर गेलीय,’ म्हणाला. मागे त्यांचा आवाज येत होता, वेदिकाला जेवताना काऊ-चिऊ दाखवत होत्या. मी म्हटलं, बरं, नंतर करतो.

रविवार, १६ फेब्रुवारी, सटाणा

सकाळी आठला पोहोचलो. उंबऱ्याबाहेर बादली, तांब्या आणि साबणाची वडी. तिथे कुसाबाई होत्या. म्हणाल्या, आत येणाऱ्या प्रत्येकाने हात धुवायचे, चूळ भरायची, असा सुलाबाईंचा नियम आहे. दूधवाल्याला पण.

घरात एकही दाणा नाही. दोन पोती शेंगा होत्या घरच्या, त्या सासूबाईंनी कुसाबाईंच्या घरी नेऊन टाकल्या. डबे उन्हात टाकले, मग विकून नवे आणले. पाटा-वरवंटासुद्धा अंगणाच्या त्या टोकाला. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला येतात, त्यांना ओटीत फुटाणे, दाणे द्यायचं बंद केलं. कार्ड नाही, एसओपी नाही. सही करता येत नाही त्यांना. मी विचारलं, हे सगळं लक्षात कसं ठेवता? त्या म्हणाल्या, ‘मना घरमा आते एक बी दाना नही शे. मंग ध्यानमा काय ठेवानं?’

मी म्हणालो, गडावर तुम्हाला बोललो ते चुकलं माझं. त्या म्हणाल्या, पोर वाचली ना. आणि चहा टाकायला गेल्या. एवढंच. मला वाटत होतं त्या काहीतरी बोलतील आणि मग मला हलकं वाटेल.

वेदिका भिंत धरून दारापर्यंत आली. मी हात पुढे केले. निकिताने मध्ये हात घातला आणि विचारलं, ‘हात धुतले?’ धुतले होते. ‘चूळ?’ ती राहिली होती. बाहेर जाऊन चूळ भरून, तोंड धुऊन, पुसून परत आलो तोवर ती अश्विनच्या मागे अंगणात कोंबडी बघायला गेली होती.

दुपारी निकिता म्हणाली, उद्यापासून शाळा. वेदिका इथेच राहील. दोन वर्षांची होईपर्यंत तरी. भांडली नाही. भांडली असती तर मला मुद्दे मांडता आले असते. माझ्याकडे मुद्दे लिहून आणलेले होते, शर्टाच्या खिशात, त्या दोन चमच्यांच्या मागे.

मी म्हणालो, तूच बरोबर आहेस. ती रडली. मला वाटलं होतं मी रडेन.

बुधवार, १९ फेब्रुवारी

संध्याकाळी गेट मी दोनदा वाजवलं. सवय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

निकिता येणार होती. वेदिकाला थोडी सर्दी आहे म्हणून आली नाही. बरोबर आहे. व्हिडिओ कॉलवर वेदिकाला मी दिसलो. तिने मोबाइल चाटला. मी लगेच म्हणालो, मोबाइल धुतलाय ना? पलीकडे सगळे हसले. बरं वाटलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी, एकादशी

ऑफिसातून येताना आईने साबुदाणा आणि दाणे आणायला सांगितलं होतं. साबुदाणा आणला, दाणे विसरलो. परत गेलो. पाव किलो.

आई गॅससमोर उभी होती. विचारलं, ‘कूट घालू का रे? आता घरात पोर नाही तर काय.’ मी म्हटलं, घाल.

घरात जवळजवळ तीन महिन्यांनी कुटाची खिचडी. गरम, लिंबू पिळलेली. मी टीव्ही लावून खात होतो. चौथ्या घासाला लक्षात आलं की हातात पिवळा चमचा आहे. शर्ट बदलताना खिशातून काढून टेबलावर ठेवला असणार, आणि हाताला आला असणार.

उठलो. चमचा धुतला. साबणाने. चार पाण्यांनी. कोरडा केला. आणि मग तो कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून हातात धरून ओट्यापाशी उभा राहिलो. आईने विचारलं, खिचडी गार होतेय, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.